उन्हाळी प्रमाणवेळेचा वाद

वर्षातील अधिक उजेडाच्या महिन्यांत देशातील घड्याळे मूळ प्रमाणवेळेपेक्षा, बहुधा एका तासाने, पुढे ठेवण्याच्या पद्धतीला उन्हाळी प्रमाणवेळ असे म्हणतात. ब्रिटनमध्ये तिला ‘समर टाइम’ तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’ हे नाव आहे. वसंत ऋतूतील एका ठरलेल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि शरद ऋतूतील एका रविवारी ती पुन्हा मागे आणली जातात. ही पद्धत आज मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिका या खंडांत, तसेच चिली, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग आणि पश्चिम आशियातील काही देश येथे पाळली जाते. जगातील बहुसंख्य देश ती पाळत नाहीत. भारतातही ती नाही.

ही पद्धत बंद करावी की चालू ठेवावी, हा वाद ती अस्तित्वात येण्यापूर्वीपासून चालू आहे. वरवर पाहता हा एकच प्रश्न वाटतो; वस्तुतः ते दोन प्रश्न आहेत. वर्षातून दोनदा घड्याळे बदलावीत की नाही, हा पहिला. आणि बदलायची नसतील तर बाराही महिने कोणती वेळ ठेवावी, मूळ प्रमाणवेळ की उन्हाळी वेळ, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांतील नागरिकांनी ‘बदलू नयेत’ असे दिलेले आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र एकमत होत नाही आणि त्यामुळे पहिल्याचे उत्तरही अमलात येत नाही.

पार्श्वभूमी

पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील दिवसमानाचा फरक वाढत जातो. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा तासांहून थोडे अधिक आणि आठ तासांहून थोडे कमी असे आहेत. लंडनमध्ये मूळ प्रमाणवेळ वर्षभर ठेवली तर जूनमध्ये पहाटे पावणेचारच्या सुमारास सूर्य उगवेल आणि रात्री सव्वाआठनंतर मावळेल. पहाटेचा तो उजेड झोपेत वाया जातो. घड्याळ पुढे केले तर तोच उजेड संध्याकाळी, लोक जागे असताना, उपयोगी पडेल, असा या पद्धतीमागील मूळ विचार आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट असणे आवश्यक आहे. घड्याळ पुढे केल्याने सूर्यप्रकाशात एका क्षणाचीही भर पडत नाही. सकाळचा एक तास संध्याकाळकडे नेला जातो, एवढेच घडते. उन्हाळ्यात सकाळी उजेड भरपूर असल्याने हा तास गेल्याचे कोणाला जाणवत नाही. हिवाळ्यात तो मुळातच कमी असतो, आणि तेव्हा हा तास कोणाच्या सकाळीतून काढून घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो.

उगम

या कल्पनेचे श्रेय अनेकदा बेंजामिन फ्रँकलिन यांना दिले जाते. ते बरोबर नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये असताना त्यांनी एका वृत्तपत्राला विनोदी पत्र लिहिले आणि पॅरिसकर सूर्योदयाबरोबर उठले तर मेणबत्त्यांचा केवढा खर्च वाचेल याचा हिशोब मांडला. लोकांना उठवण्यासाठी चर्चच्या घंटा वाजवाव्यात, तेवढ्याने भागले नाही तर तोफा डागाव्यात, असेही त्यांनी सुचवले. मात्र घड्याळाला हात लावण्याची सूचना त्यात नव्हती, आणि ते पत्र गंभीरपणे लिहिलेलेही नव्हते.

गंभीर प्रस्ताव प्रथम मांडला तो न्यूझीलंडमधील जॉर्ज व्हर्नन हडसन यांनी. वेलिंग्टन येथील टपाल खात्यात पाळीने काम करणारे हडसन कीटकांचे हौशी अभ्यासक होते आणि काम संपल्यावर कीटक गोळा करण्यासाठी त्यांना उजेड हवा असे. १८९५ साली वेलिंग्टनच्या विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करण्याची सूचना केली. त्या वेळी तिची फारशी दखल कोणी घेतली नाही.

इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. सकाळी घोड्यावरून रपेट करताना उजाडून तास उलटले तरी घरांचे पडदे बंद असल्याचे त्यांना दिसे. १९०७ साली स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकेत त्यांनी एप्रिलमधील चार रविवारी प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे एकूण ८० मिनिटे, घड्याळ पुढे करण्याची आणि सप्टेंबरमध्ये त्याच रीतीने मागे आणण्याची योजना मांडली. १९०८ साली ब्रिटिश संसदेत त्यासंबंधीचे विधेयक आले, परंतु ते संमत झाले नाही. विलेट यांनी पुढची काही वर्षे याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षाहून थोड्याच अधिक काळात त्यांची कल्पना कायदा बनली. ती त्यांच्या युक्तिवादामुळे नव्हे, तर युद्धामुळे.

युद्धकाळ आणि त्यानंतरचा गोंधळ

पहिल्या महायुद्धात कोळशाची बचत करण्यासाठी जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे एक तास पुढे केली. तीनच आठवड्यांनी ब्रिटननेही तेच केले. अमेरिकेने १९१८ मध्ये हा मार्ग स्वीकारला, परंतु युद्ध संपताच तेथील शेतकऱ्यांनी विरोध सुरू केला.

शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही पद्धत सुरू झाली, असा एक समज आजही आढळतो. प्रत्यक्षात शेतकरी हे तिचे सर्वांत जुने विरोधक आहेत. गवतावरील दव उन्हाने वाळल्याशिवाय कापणी करता येत नाही आणि गाईची दूध देण्याची वेळ कायद्याने बदलत नाही. मजूर मात्र घड्याळाप्रमाणे येतात व जातात, आणि दूध नेणारी आगगाडीही घड्याळाप्रमाणे सुटते. सूर्य व घड्याळ या दोन धन्यांमध्ये शेतकऱ्याची ओढाताण होत असे. १९१९ साली अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा नकाराधिकार डावलून हा कायदा रद्द केला.

दुसऱ्या महायुद्धात उन्हाळी वेळ पुन्हा आली. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पासून सप्टेंबर १९४५ पर्यंत ती सलग, हिवाळ्यातही, चालू होती. ब्रिटनने तर उन्हाळ्यात घड्याळे ग्रीनिच वेळेच्या दोन तास पुढे नेली. युद्धानंतर अमेरिकेत प्रत्येक राज्याला आणि प्रत्येक शहराला आपापली वेळ ठरवण्याची मोकळीक राहिली. परिणामी १९६५ साली मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांची घड्याळे काही दिवस एका तासाच्या अंतराने चालत होती. ओहायो राज्यातील स्टूबेनव्हिलपासून वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिलपर्यंतच्या अवघ्या ३५ मैलांच्या बसप्रवासात घड्याळ सात वेळा बदलावे लागे, हे उदाहरण त्या काळी फार गाजले. रेल्वे, बस आणि दूरचित्रवाणी कंपन्या या प्रकाराने त्रासून गेल्या. अखेर १९६६ च्या एकरूप वेळ कायद्याने प्रारंभाच्या व समाप्तीच्या तारखा देशभर समान केल्या. उन्हाळी वेळ न पाळण्याची मुभा राज्यांना ठेवण्यात आली. ॲरिझोना (नॅव्हाहो या मूळनिवासी जमातीचा प्रदेश वगळून) आणि हवाई ही राज्ये आजही ती पाळत नाहीत. २००७ पासून अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. म्हणजे ज्या व्यवस्थेला अपवाद मानले जाते, ती आता वर्षातील सुमारे आठ महिने चालते.

ऊर्जाबचतीचा युक्तिवाद

विजेचा किंवा इंधनाचा मुख्य उपयोग दिवाबत्तीसाठी होत होता तेव्हा हा युक्तिवाद भक्कम होता. आज वातानुकूलन, तापन आणि विद्युत उपकरणे यांचा वाटा मोठा आहे आणि हिशोब बदलला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००८ साली केलेल्या पाहणीत, वाढवून दिलेल्या चार आठवड्यांत दररोज सुमारे अर्धा टक्का वीज वाचल्याचे आढळले. वर्षाच्या एकूण वापराशी तुलना करता हे प्रमाण ०.०३ टक्के भरते. इंडियाना राज्यात २००६ साली प्रथमच राज्यभर उन्हाळी वेळ लागू झाली, तेव्हा पूर्वी ती न पाळणाऱ्या जिल्ह्यांतील घरगुती वीजवापराची तुलना करण्याची दुर्मीळ संधी अभ्यासकांना मिळाली. तेथे वापर सुमारे एक टक्क्याने वाढलेला दिसला, कारण संध्याकाळच्या उन्हात लोक घरी परतत आणि वातानुकूलन यंत्रे अधिक काळ चालत. २००८ पर्यंत आणि त्यानंतर झालेल्या अशा ४४ अभ्यासांचा एकत्रित आढावा पुढे घेण्यात आला, तेव्हा सरासरी बचत ०.३४ टक्के निघाली. थंड आणि उत्तरेकडील प्रदेशांत बचत अधिक व उष्ण प्रदेशांत ती कमी किंवा उलट, असा कल त्यातून दिसतो. सारांश, ज्या कारणासाठी ही पद्धत जन्मली ते कारण आज नगण्य झाले आहे.

तरीही तिला पाठीराखे आहेत. संध्याकाळच्या उजेडाचा लाभ दुकानदार, पर्यटन व्यवसाय, क्रीडासंस्था यांना होतो. १९८६ साली अमेरिकेत उन्हाळी वेळेचा कालावधी वाढवण्यात आला तेव्हा गोल्फ आणि अंगणात मांस भाजण्याच्या शेगड्या बनवणारे उद्योग त्याच्या बाजूने उभे होते. संध्याकाळी रस्त्यावर उजेड असल्याने लूटमारीचे गुन्हे सुमारे ७ टक्क्यांनी घटतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका अभ्यासाने काढला आहे. कामावरून परतल्यावर मुलांना मैदानावर नेता येणे, हा लाभ आकड्यांत मांडता येत नाही. परंतु लांब आणि अंधारा हिवाळा काढलेल्या उत्तरेकडील लोकांना तो फार मोलाचा वाटतो.

आरोग्य

मानवी शरीरातील जैविक घड्याळाचे चक्र सरासरी चोवीस तासांहून किंचित मोठे असते आणि ते दररोज प्रकाशाच्या साहाय्याने, विशेषतः सकाळच्या उजेडाने, पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून घेतले जाते. या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीवरचे घड्याळ एका रात्रीत पुढे करता येते, पण शरीराचे घड्याळ तसे करता येत नाही.

वसंत ऋतूतील बदलानंतर काही दिवस लोकांची झोप कमी होते, याविषयी फारसे दुमत नाही. स्वीडनमधील नोंदींच्या आधारे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २०१४ साली झालेल्या पाहणीत बदलानंतरच्या सोमवारी ही वाढ २४ टक्के दिसली, मात्र संपूर्ण आठवड्याची बेरीज नेहमीइतकीच निघाली. म्हणजे जे झटके पुढच्या दिवसांत येणारच होते ते अलीकडे ओढले गेले असावेत. वृत्तपत्रांत यातील पहिला आकडा छापला जातो व दुसरा वगळला जातो. वाचकाने दोन्ही लक्षात ठेवणे उचित. रस्त्यांवरील प्राणघातक अपघात बदलानंतरच्या आठवड्यात सुमारे ६ टक्क्यांनी वाढतात, असे अमेरिकेतील आकडेवारीच्या २०२० मधील विश्लेषणात दिसून आले आहे.

निद्राविज्ञानातील तज्ज्ञांची भूमिका येथे नीट समजून घेतली पाहिजे. घड्याळबदल बंद करावा, एवढेच ते म्हणत नाहीत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०२० साली वर्षभर मूळ प्रमाणवेळ ठेवण्याची शिफारस केली, कारण कायमस्वरूपी उन्हाळी वेळेत सकाळचा उजेड उशिरा मिळतो व रात्रीची झोप लांबते. अनेक राजकारणी आणि व्यापारी संघटना मात्र बदल बंद करण्याच्या घोषणेखाली नेमकी कायमस्वरूपी उन्हाळी वेळ मागतात. दोन्ही पक्ष एकाच कायद्याविरुद्ध बोलत असल्याने ते एकमेकांचे सहकारी वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत.

कायमस्वरूपी वेळेचे प्रयोग

वर्षभर उन्हाळी वेळ ठेवण्याचे प्रयोग पूर्वी झालेले आहेत आणि त्यांचा शेवट उद्बोधक आहे.

ब्रिटनने ऑक्टोबर १९६८ पासून ऑक्टोबर १९७१ पर्यंत घड्याळे सलग ग्रीनिच वेळेच्या एक तास पुढे ठेवली. स्कॉटलंडच्या उत्तर भागात हिवाळ्यात दहाच्या सुमारास सूर्योदय होऊ लागला. दूधवाले, टपालवाले, बांधकाम मजूर आणि शेतकरी अंधारात काम करू लागले. मुले अंधारात शाळेत जाऊ लागली. सकाळचे अपघात वाढले, संध्याकाळचे त्याहून अधिक कमी झाले. मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्धचा कडक कायदा त्याच सुमारास अमलात आल्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली हे सांगणे अवघड होते. शिवाय अंधारात वाहनाखाली सापडलेल्या मुलाचे नाव वृत्तपत्रात येते. उजेडामुळे संध्याकाळी वाचलेल्या मुलाचे नाव कोणालाच ठाऊक नसते. डिसेंबर १९७० मध्ये कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग थांबवण्याचा निर्णय घेतला.

अमेरिकेने तेलटंचाईच्या काळात, ६ जानेवारी १९७४ रोजी, वर्षभर उन्हाळी वेळ सुरू केली. डिसेंबर १९७३ मध्ये ७९ टक्के लोकांचा तिला पाठिंबा होता. फेब्रुवारीपर्यंत तो ४२ टक्क्यांवर आला. जानेवारीतील काळ्याकुट्ट सकाळी मुलांना हातात विजेऱ्या देऊन शाळेच्या बसथांब्यावर पाठवावे लागत होते, आणि फ्लोरिडात शाळकरी मुलांच्या अपघाती मृत्यूंनी लोकमत हादरले. हा प्रयोग मुदतीआधीच, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, गुंडाळण्यात आला. या अनुभवाची आठवण पुढच्या पिढीला फारशी राहिली नसावी. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी सेनेटने कायमस्वरूपी उन्हाळी वेळेचे विधेयक एकही विरोधी स्वर न उठता संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते विचारार्थ घेतलेच नाही. अनेक राज्यांनी असेच ठराव केलेले आहेत, परंतु संघराज्याचा कायदा राज्यांना कायम मूळ प्रमाणवेळ ठेवू देतो, कायम उन्हाळी वेळ ठेवू देत नाही.

रशियाने २०११ साली उन्हाळी वेळ कायम केली. अंधाऱ्या सकाळींबद्दल तक्रारी वाढल्या आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये देश कायमस्वरूपी हिवाळी वेळेकडे वळला. तेव्हा काही प्रदेशांत संध्याकाळ फार लवकर होते अशी उलट तक्रार सुरू झाली. व्होल्गोग्राद प्रांताने २०१८ मध्ये घड्याळ एक तास पुढे केले आणि २०२० मध्ये पुन्हा मागे आणले.

युरोपीय संघातील कोंडी

युरोपीय संघाच्या सर्व सदस्य देशांत घड्याळे एकाच क्षणी, मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलतात. २०१८ च्या उन्हाळ्यात युरोपीय आयोगाने घेतलेल्या लोकमत चाचपणीत ४६ लाख लोकांनी मते कळवली आणि त्यांतील ८४ टक्के लोकांनी बदल बंद करावा असे म्हटले. मात्र यातील सुमारे ३० लाख उत्तरे एकट्या जर्मनीतून आली होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. २६ मार्च २०१९ रोजी युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी २०२१ पासून बदल बंद करण्यास संमती दिली. पुढचा निर्णय सदस्य देशांच्या सरकारांनी घ्यायचा होता, आणि तो झालेला नाही.

याचे कारण नकाशात आहे. मध्य युरोपीय प्रमाणवेळ स्पेनच्या पश्चिम टोकापासून पोलंडच्या पूर्व सीमेपर्यंत लागू आहे, आणि या दोन टोकांच्या सूर्योदयांत दोन तासांहून अधिक अंतर पडते. भौगोलिकदृष्ट्या स्पेनचा बहुतेक भाग ग्रीनिचच्या पश्चिमेस येतो, परंतु १९४० पासून तो देश मध्य युरोपीय वेळ पाळतो. तेथील व्हिगो शहरात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात अडीच वाजून गेलेले असतात. कायमस्वरूपी उन्हाळी वेळ स्वीकारली तर व्हिगोत जानेवारीत सकाळी दहानंतर सूर्य उगवेल. कायमस्वरूपी मूळ वेळ स्वीकारली तर वॉर्सात जूनमध्ये पहाटे सव्वातीनच्या आधीच उजाडेल. प्रत्येक देशाने आपापला निर्णय घ्यावा म्हटले तर शेजारी देशांच्या वेळा विस्कळीत होतील. आयर्लंडची अडचण याहून नाजूक आहे: युरोपीय संघाने बदल बंद केला व ब्रिटनने चालू ठेवला, तर आयर्लंड बेटाच्या उत्तर व दक्षिण भागांत वर्षाचा काही काळ दोन वेगळ्या वेळा असतील. त्या सीमेचा इतिहास पाहता ही बाब केवळ गैरसोयीची राहत नाही.

धर्म आणि राजकारण

वेळेच्या निर्णयात धार्मिक आचारांचाही संबंध येतो. रमजानचा उपवास सूर्यास्ताला सुटतो. घड्याळ पुढे असेल तर तो घड्याळाप्रमाणे एक तास उशिरा सुटतो. मोरोक्कोने २०१८ मध्ये पुढची वेळ कायम केली, तरी रमजानच्या महिन्यात तेथे घड्याळ एक तास मागे आणले जाते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने रमजान संपेपर्यंत बदल पुढे ढकलण्याचे ऐनवेळी जाहीर केले. मॅरोनाइट ख्रिस्ती धर्मपीठाने व अनेक संस्थांनी तो निर्णय मानला नाही, आणि एका लहानशा देशात काही दिवस दोन वेळा चालू राहिल्या. सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. इस्रायलमध्ये, जेथे कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली समाजामुळे मराठीही बोलली जाते, योम किप्पूरचा उपवास घड्याळाप्रमाणे लवकर सुटावा म्हणून पूर्वी उन्हाळी वेळ त्या सणाआधीच संपवली जात असे. त्यावरून धार्मिक व धर्मनिरपेक्ष पक्षांत दरवर्षी खटके उडत. २०१३ च्या कायद्याने ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत वाढवण्यात आली.

उष्ण कटिबंधातील देश आणि भारत

विषुववृत्ताच्या जवळ दिवसमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने उन्हाळी वेळेचा मूळ हेतूच तेथे उरत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९९२ च्या सार्वमतात ५४.५ टक्के मतदारांनी ती नाकारली. दक्षिणेकडील ब्रिस्बेन परिसर अनुकूल होता, तर उष्ण कटिबंधातील उत्तर आणि पश्चिमेकडील ग्रामीण भाग प्रतिकूल. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने तर १९७५ ते २००९ या काळात चार सार्वमतांत नकार दिला. मराठी भाषक समाज असलेल्या मॉरिशसचे अक्षवृत्तीय अंतर विषुववृत्तापासून जवळजवळ मुंबईइतकेच, फक्त दक्षिणेकडे, आहे. त्या देशाने ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या उन्हाळ्यात हा प्रयोग करून पाहिला आणि पुढल्या वर्षी तो चालू ठेवला नाही. ब्राझीलने २०१९ मध्ये, तर मेक्सिकोने अमेरिकेच्या सीमेलगतचा पट्टा वगळून २०२२ मध्ये घड्याळबदल बंद केला. उलट इजिप्तने वीज वाचवण्यासाठी २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू केला.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे, ठेवण्यात आली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये ती पूर्ववत झाली. त्यानंतर उन्हाळी वेळ येथे आलेली नाही. तथापि वेळेच्या वादाचा मुंबईचा अनुभव जुना आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून मोजली जाऊ लागली, तेव्हा मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ती ३९ मिनिटे पुढे होती. शहरातील अनेकांनी ती परकी मानली आणि ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पूर्णपणे मावळली नाही. या हिशोबाने पाहता मुंबईकर आज बाराही महिने, कोणत्याही कायद्याने तसे नाव न देता, सूर्यापेक्षा सुमारे पाऊण तास पुढची वेळ पाळत आहेत. आसाममधील परिस्थिती याच्या उलट आहे. तेथे सूर्य घड्याळाच्या बराच आधी उगवतो आणि हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणूनच चहामळ्यांत ब्रिटिश काळापासून एक तास पुढची ‘बागान वेळ’ चालत आली आहे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्य भारत व अंदमान-निकोबार यांसाठी एक तास पुढची स्वतंत्र प्रमाणवेळ सुचवली. दोन वेळा झाल्यास रेल्वे वाहतुकीत गोंधळ होऊन अपघातांचा धोका वाढेल, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

परदेशी नातलग असलेल्या वा परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या महाराष्ट्रातील लोकांपर्यंत हा घड्याळबदल वेगळ्या वाटेने पोहोचतो. मुंबई व न्यूयॉर्क यांच्या वेळेतील अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. लंडनशी ते अनुक्रमे साडेपाच व साडेचार तास असते. अमेरिका व युरोप यांच्या बदलाच्या तारखा वेगवेगळ्या असल्यामुळे मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा न्यूयॉर्क व लंडन यांच्यातील नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांवर येते. या काळात तिन्ही ठिकाणच्या बैठकांचे वेळापत्रक नव्याने जुळवावे लागते.